गाणं तुटतंय म्हणून भिंत फोडायची का?

पत्राचा सारांश: ग्वाल्हेरला लष्कर भागात जुनं दुमजली घर. दोन-दोन फुटांच्या दगडी भिंती, मधे चौक. फायबरचं कनेक्शन दर्शनी खोलीत येतं आणि राउटरही तिथेच आहे. सासरे, म्हणजे नाना, वय वर्षं ७८. ते मागच्या बाजूला माडीवर बसून गाणं ऐकतात. तिथे एक नेटवर्क स्ट्रीमर (नेटवर्कवरून गाणं आणून वाजवणारं यंत्र), अ‍ॅम्प्लिफायर आणि जुने स्पीकर आहेत. संध्याकाळी सात-आठनंतर गाणं अधूनमधून थांबतं. विलंबित रंगात आलेलं असताना असं झालं की नाना उठून जातात, ते परत बसत नाहीत. शिवाय वाय-फायवर तंबोरा ‘पातळ’ ऐकू येतो, असं त्यांचं म्हणणं. यजमानांना दुकानात सांगितलं गेलं की संगीतासाठीची खास महागडी नेटवर्क केबल आणि खास स्विच (एक केबल अनेक यंत्रांना वाटणारा डबा) घ्या, भिंतीतून वायर ओढा. धाकटे दीर म्हणतात, वायर कशाला, मेश आणू, म्हणजे घरात जागोजागी ठेवायचे, एकमेकांशी जोडलेले वाय-फायचे डबे. आणि नानांना त्यांच्या वडिलांनी बांधलेल्या भिंतीला भोक पाडणं मुळीच मंजूर नाही. “वायर की वायरलेस, एकदाचं सांगून टाका,” असं या वाचक भगिनी लिहितात.

ताई,

तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत. गाणं थांबतं ही एक, आवाज पातळ वाटतो ही दुसरी. घरात दोन्हींचं खापर वाय-फायवर फुटतंय. पहिलीत वाय-फायचा हात असण्याची शक्यता मोठी आहे. दुसरीत जवळजवळ नाही. ही गुंतवळ आधी सोडवली नाही, तर महागडी केबल येईल, भिंतीला भोक पडेल आणि नानांचा तंबोरा तरीही पातळच राहील.

दुसरीपासून सुरुवात करू. नेटवर्कवरून गाणं आकड्यांच्या छोट्या छोट्या पॅकेटमधून येतं. प्रत्येक पॅकेटसोबत त्याची पडताळणीही असते. वाटेत एखादं बिघडलं किंवा हरवलं तर ते पुन्हा मागवलं जातं. स्ट्रीमर ही पॅकेटं आपल्या मेमरीत आगाऊ साठवतो आणि आवाज त्या साठ्यातून, स्वतःच्या घड्याळाच्या तालावर बाहेर काढतो. साठा १० मेगाबाइटचा असेल तर फ्लॅकमधलं, म्हणजे दर्जा न घटवता दाबलेल्या फाइलमधलं, सुमारे दीड मिनिटाचं गाणं त्यात मावतं. म्हणजे सतारीचा एक ठोका ऐकू येतो तेव्हा त्याचे आकडे कधीच घरी पोचलेले असतात. ते वायरने आले की हवेतून, याची खूण त्यांच्यावर कुठेच उरत नाही. साठा संपला तर गाणं थांबेल, पण साठा आहे तोवर गाणं जसंच्या तसं आहे. ‘थोडं पातळ’ अशी मधली अवस्था यात नाही.

घरच्यांना हे पटवायचं असेल तर वाद घालू नका, करून दाखवा. स्ट्रीमरला तात्पुरती केबल लावा आणि त्याच्या सेटिंगमध्ये वाय-फाय बंद ठेवा. गाणं मिनिटभर वाजू द्या आणि नानांसमोर केबल उपसून घ्या. गाणं काही काळ तसंच चालू राहील. त्या वेळी नेटवर्क नावाची गोष्टच जोडलेली नसते. केबलमुळे आवाजाला भरीवपणा येत असता, तर तो त्या क्षणी जायला हवा होता.

पण नानांना जे ऐकू येतं ते भ्रम आहे, असं म्हणण्याची घाई कुणी करू नये. इतकी वर्षं ख्याल ऐकलेला कान तंबोऱ्याची जवारी बदलली तर ओळखतोच. बदल खरा असू शकतो, कारण मात्र दुसरीकडे असतं. संगीताच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये दर्जा ‘ऑटो’वर ठेवलेला असतो. नेटवर्क अशक्त झालं की अ‍ॅप न विचारता दर्जा खाली आणतं. ३२० केबीपीएसचं गाणं ९६ वर किंवा त्याहूनही खाली येतं. अशा वेळी सगळ्यात आधी वरच्या स्वरांतली बारीक झिलई जाते, आणि तंबोऱ्यात ऐकण्यासारखं बरंच काही तिथेच असतं. नानांचा ‘पातळ’ हा शब्द याला अगदी चपखल बसतो. म्हणून अ‍ॅपमधला दर्जा ‘ऑटो’वरून काढून सर्वांत वरच्या पायरीवर कायमचा ठेवा. वाय-फायवर आणि मोबाइल डेटावर ही सेटिंग वेगवेगळी असते, दोन्हीकडे बघा. सोबत आवाजाची पातळी सारखी करणारी सोय असेल तर ती बंद करा, कारण किंचित कमी आवाजातलं गाणं कानाला नेहमीच पातळ वाटतं.

आणखी एक गोष्ट तपासा: नाना वाय-फायवर ऐकतात, म्हणजे नक्की कसं ऐकतात? घरातलं कुणी फोनवर गाणं लावून ब्लूटूथने अ‍ॅम्प्लिफायरला जोडत असेल तर तो वाय-फाय नव्हेच. ब्लूटूथ गाणं पुन्हा एकदा दाबून पाठवतो. शिवाय तो वापरतो २.४ गिगाहर्ट्झचाच पट्टा, ज्यावर तुमचं आणि शेजाऱ्यांचं वाय-फाय आधीच गर्दी करून आहे. स्ट्रीमर असताना ब्लूटूथची गरज नाही. फोन फक्त गाणं निवडायला ठेवा, आणायचं काम स्ट्रीमरला करू द्या.

आता थांबण्याकडे वळू. इथेही एक समज बाजूला ठेवायला हवा, तो म्हणजे वेग कमी पडतो हा. सीडीच्या दर्जाचं गाणं न दाबता पाठवलं तरी १.४ एमबीपीएस लागतात. फ्लॅकमध्ये एकाच्या आसपास. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या सर्वांत जड फाइलला न दाबता ९.२. तुमचं कनेक्शन ५० किंवा १०० एमबीपीएसचं असेल तर संगीत त्यातला एक कोपरा वापरतं. १०० चं ३०० करून घेतलंत तरी माडीवर काही फरक पडायचा नाही. गाणं अडतं ते सातत्य तुटल्यामुळे. दहा-वीस सेकंद काहीच आलं नाही, असं दोन-तीनदा लागोपाठ झालं की साठा आटतो.

हे सातत्य कुठे तुटतं हे काहीही विकत न घेता शोधता येतं, आणि माझा आग्रह आहे की आधी हेच करा. नेहमीच्या दहा-बारा चीजा पेन ड्राइव्हवर घेऊन ती स्ट्रीमरच्या यूएसबीला लावा. तरीही गाणं अडखळलं तर दोष स्ट्रीमरचा किंवा त्याच्या अ‍ॅडॉप्टरचा आहे, नेटवर्कचा नाही. ती सुरळीत वाजली, तर संध्याकाळी आठला फोन घेऊन स्ट्रीमरशेजारी उभं राहा आणि पिंग, म्हणजे एखाद्या पत्त्याकडून उत्तर यायला लागणारा वेळ, मोजणारं कुठलंही मोफत अ‍ॅप उघडा. आधी राउटरच्या पत्त्याला पिंग करा. हा पत्ता राउटरच्या खाली चिकटवलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१. मग ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला करा. दोन्ही पाच-पाच मिनिटं चालू ठेवा. राउटरकडून येणारी उत्तरंच गळत असतील किंवा मधेच काहीशे मिलिसेकंदांवर उडी मारत असतील, तर गोंधळ घरातल्या घरात आहे. राउटर नीट उत्तर देतो आणि बाहेरचा पत्ता गळतो, असं असेल तर तो कंपनीच्या लाइनचा संध्याकाळचा ताण. त्यावर घरात कितीही केबल ओढलीत तरी उपयोग नाही. त्या आकड्यांचे स्क्रीनशॉट घेऊन तक्रार नोंदवा.

अँड्रॉइड फोनवर वाय-फायची ताकद दाखवणारी अ‍ॅप असतात. त्यातला आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. उणे ६५ डीबीएमपर्यंत निश्चिंत राहा, उणे ७५ च्या पलीकडे गाणं कधी अडेल याचा भरवसा नाही. तुमच्या घराचं वर्णन वाचून मागच्या माडीवर आकडा उणे ८० च्या आसपास असेल असं वाटतं. कारण सरळ आहे. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान आणि मोकळा असतो, पण दोन फुटांचा दगड तो जवळजवळ ओलांडतच नाही. २.४ गिगाहर्ट्झ कसाबसा पलीकडे जातो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. फालके बाजार, दौलतगंजसारख्या दाट वस्तीत संध्याकाळी प्रत्येक घरातला टीव्ही आणि फोन याच तिघांवर असतात. दुपारी गाणं चालतं आणि रात्री अडतं, याचं उत्तर बहुधा इथेच सापडेल. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात गोंगाट करतो. तो चालू असतानाच गाणं अडतं का, हेही टिपून ठेवा.

शेवटची चाचणी सर्वांत निर्णायक. २० किंवा ३० मीटरची तयार केबल आणा किंवा कुणाकडून मागून घ्या. चौकातून, जिन्यावरून, दारांच्या फटीतून ती आठवडाभर तशीच पसरून ठेवा आणि स्ट्रीमरला लावा. पायात येईल, घर वाईट दिसेल, पण आठवडाभर सोसा. आठ दिवसांत गाणं एकदाही अडलं नाही तर कायमच्या केबलचा निर्णय घ्यायला तुमच्याकडे आधार आहे. तरीही अडलं तर एक भोक वाचलं.

समजा, दोष घरातल्या वाय-फायचाच निघाला. मग दिरांचा मेश आणि यजमानांची वायर यांत मी कुणाची बाजू घेऊ? खरं तर हा प्रश्न असा एकमेकांविरुद्ध मांडायलाच नको. जी वस्तू जागची हलत नाही तिला वायर द्यावी, जी हातात फिरते तिला वाय-फाय. स्ट्रीमर जागचा हलत नाही. नानांच्या हातातला फोन किंवा टॅब्लेट हलतो.

मेश वाईट नाही. पण दोन मेश डब्यांना एकमेकांशी हवेतूनच बोलायचं असेल तर मधे तीच दगडी भिंत उभी आहे. दुसरा डबा जिथे सिग्नल धड पोचत नाही तिथे ठेवला, तर तो अर्धवट ऐकलेलं निरोप्यासारखं पुढे सांगणार. त्याची जागा नानांच्या खोलीत नाही. चौकाच्या कडेला, जिथून राउटरची खोलीही उघडी दिसते आणि माडीची खिडकीही, तिथे तो हवा. चौक हीच तुमच्या घरातली एकमेव बिनदगडाची वाट आहे. तिथे ठेवून आकडा उणे ६५ च्या अलीकडे आला आणि गाणं टिकलं, तर तिथेच थांबा, वायरची गरज नाही. साधा स्वस्त रिपीटर मात्र टाळा. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो आणि दिरंगाई वाढते. विजेच्या तारांतून नेटवर्क नेणारे अ‍ॅडॉप्टर मिळतात, पण जुन्या वायरिंगवर ते लहरी असतात. खालचा आणि वरचा मजला वेगवेगळ्या फेजवर असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

वायर ठरली तर भिंत वाचवून कशी न्यायची, हे जरा सविस्तर सांगते. दर्शनी खोलीच्या खिडकीची किंवा झरोक्याची लाकडी चौकट पाहा. तिच्या कोपऱ्यात ८ मिलिमीटरचं भोक पुरतं, कारण कॅट-६ केबल साधारण ६ मिलिमीटर जाड असते. मोठं भोक लागतं ते प्लगमुळे, म्हणून प्लग न लावलेली केबल ओवून घ्या आणि प्लग नंतर लावा. जुन्या टीव्ही केबलचं किंवा एसीच्या पाइपचं भोक आधीच असेल तर तेही लागणार नाही. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं असू द्या. आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून ओघळून घरात न येता झोलावरून खाली ठिबकेल. चौकातून वर जाताना पावसाच्या पाण्याच्या नळाच्या कडेने, दर अर्ध्या मीटरवर क्लिप मारून न्या. क्लिप दगडात ठोकू नका, नळालाच पट्टीने बांधा. माडीवर पुन्हा लाकडी चौकटीतून आत.

उघड्यावरच्या भागासाठी काळ्या आवरणाची, बाहेर वापरायची केबलच घ्या. घरातली करडी पीव्हीसी केबल ग्वाल्हेरच्या मे महिन्यातलं ऊन फार काळ सोसत नाही, तिचं आवरण तडकतं. गच्चीवरून नेण्याचा मोह टाळा. तिथे माकडांचा त्रास आहे आणि त्याहून मोठी भीती विजेच्या कडकडाटाची. उंचावरून गेलेल्या लांब तांब्याच्या तारेत तेवढ्या वेळात जो दाब येतो तो राउटर आणि स्ट्रीमर दोघांनाही नेऊ शकतो.

दुकानात कॅट-६ मागाल तेव्हा ‘पूर्ण तांब्याची’ असं बजावून सांगा. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास विकली जाते. आतली तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी दिसली तर परत करा, ती वाकवताना तुटते आणि प्लगमध्ये सैल होते. लांबी सुतळीने ज्या वाटेने केबल जाणार त्याच वाटेने मोजा आणि दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर जास्त धरा. मर्यादा १०० मीटरची आहे, तुम्हाला २५-३० लागतील, म्हणून कॅट-५ई सुद्धा पुरते. कॅट-७, कॅट-८ नकोत.

प्लग लावणाऱ्याला दोन्ही टोकांना एकच क्रम ठेवायला सांगा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचे पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू नयेत. त्या पिळांमुळेच बाहेरचा गोंगाट कटतो. केबल काटकोनात दाबून मोडू नका, वळणाची गोलाई किमान २५ मिलिमीटर राहू द्या. आणि विजेच्या तारांसोबत एकाच पाइपात कधीही घालू नका. शेजारून जाणं भाग असेल तर वीतभर अंतर ठेवा, ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडा.

शील्ड, म्हणजे तारांभोवती धातूचं वेष्टण, असलेली केबलही नको, साधी बिनशील्डची घ्या. नेटवर्कच्या प्रत्येक सॉकेटमागे छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे साध्या केबलने दोन यंत्रांच्या अर्थिंगचा संबंध जुळत नाही. धातूच्या टोपीची शील्डेड केबल मात्र तो जुळवू शकते, आणि मग स्पीकरमधून ‘हम्म’ सुरू होतं. खास केबल आणि खास स्विच यांवर एक रुपयाही घालू नका. त्याच पॅकेटमध्ये तेच आकडे येणार. तो पैसा स्पीकरची जागा सुधारण्यावर किंवा खोलीत जाड सतरंजी घालण्यावर लावलात तर नानांना फरक खरोखर ऐकू येईल.

केबल वर पोचली की ती थेट स्ट्रीमरमध्ये लावा आणि वर सांगितल्याप्रमाणे त्याचं वाय-फाय बंद करा. नाहीतर काही यंत्रं केबल लावूनही जुन्या वाय-फायलाच चिकटून राहतात. माडीवर फोनलाही वाय-फाय हवं असेल तर केबलच्या टोकाला एक जुना राउटर लावता येतो, पण इथे हमखास चूक होते. तो ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ म्हणूनच चालवा, म्हणजे तो फक्त वाय-फाय देईल. ती सोय नसेल तर त्याची डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करा, त्याला १९२.१६८.१.२ सारखा वेगळा पत्ता द्या आणि केबल वॅनच्या (बाहेरच्या लाइनच्या) नव्हे, लॅनच्या (घरातल्या यंत्रांच्या) भोकात लावा. तसं न केल्यास वर दुसरंच नेटवर्क तयार होतं. मग खाली उभं राहिलं की फोनला स्ट्रीमर दिसत नाही आणि सगळ्यांना वाटतं स्ट्रीमर बिघडला. गेस्ट नेटवर्कवर फोन जोडला तरी हेच होतं. स्ट्रीमर आणि हा जुना राउटर दोन्ही केबलला लावायचे असल्यास मधे साधा पाच भोकांचा स्विच पुरे.

वीज क्षणभर जाऊन आली तर इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत राउटर बंद पडतो आणि पुन्हा उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो. तुमचं गाणं ज्या वेळी अडतं त्यातले काही प्रसंग हेच नाहीत ना, हे राउटरचे दिवे बघून ठरवा. असतील तर राउटरला छोटा डीसी यूपीएस लावा. अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिलं असेल तर १२ चाच, आणि अँपिअर अ‍ॅडॉप्टरइतके किंवा जास्त. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही हवा, एकट्या राउटरला जागं ठेवून काही मिळत नाही.

नानांनी जमवलेल्या कॅसेटी उतरवून ठेवायचं मनात आहे, असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत. त्या गाण्यांना नेटवर्कच्या भानगडीत घालूच नका. ९० मिनिटांची कॅसेट १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर उतरवली तर ९५० मेगाबाइट होते, फ्लॅकमध्ये साधारण निम्मी-साठ टक्के. कॅसेटला याहून वरचा दर्जा देऊन हाती काही लागत नाही, टेपची स्वतःची खरखर त्याच्या कितीतरी आधी आडवी येते. दोनशे कॅसेटी धरल्या तरी सव्वाशे जीबीच्या आत बसतील. २५६ जीबीची एक ड्राइव्ह स्ट्रीमरच्या यूएसबीला कायम लावून ठेवा. इंटरनेट गेलं तरी नानांची बैठक मोडणार नाही. विलंबित आणि द्रुत वेगळ्या फाइली केल्यात तर स्ट्रीमरमध्ये ‘गॅपलेस’ चालू करा, म्हणजे मधे फट पडत नाही. आणि त्या ड्राइव्हची एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर काढून वेगळ्या खोलीत ठेवा. कॅसेटी एकदा उतरवल्या की पुन्हा वाजतीलच असं नाही.